ओरिजनल पेंटिंग ऑनलाइन घेताना: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरची. वॉटरकलर आणि ऑइलमध्ये लँडस्केप करते, आणि गेली नऊ वर्षं माझी जवळजवळ सगळी चित्रं ऑनलाइनच जातात. व्हॉट्सॲपवर रोज तेच तेच प्रश्न येतात आणि हात रंगात असताना मी घाईत अर्धवट उत्तरं देते, ते मला बरं वाटत नाही. चित्रासमोर उभं न राहता, नुसतं फोनवर बघून कुणी आठ-दहा हजार रुपये पाठवतं, तर त्या माणसाला सगळं आधी माहीत असायलाच हवं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. काही प्रश्न घेणाऱ्यांचे आहेत, काही हेच काम सुरू करू बघणाऱ्या मुलामुलींचे.

ओरिजनल म्हणजे नक्की काय? प्रिंट तर नाही ना?

नाही, मी प्रिंट विकतच नाही. माझ्या हाताने केलेलं एकच चित्र असतं, ते तुमच्याकडे आलं की माझ्याकडे फक्त त्याचा फोटो उरतो. घरी आल्यावर खात्री करायची असेल तर वॉटरकलर खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा, कागदाचा खरबरीतपणा दिसेल, त्याच्या खळग्यांत रंगाचे कण बसलेले दिसतील (अल्ट्रामरीन निळा तर हमखास असा दाणेदार बसतो), आणि रंगाखालून कुठे कुठे पेन्सिलची रेघ डोकावत असेल. प्रिंट भिंगातून बघितली की बारीक ठिपके दिसतात. मागे पेन्सिलने माझी सही, जागा आणि तारीख असते.

तुम्ही जागेवर बसून करता की फोटो बघून?

वॉटरकलर शक्यतो जागेवरच. रंकाळा, पंचगंगेचा घाट, पन्हाळा, आणि वर्षातून एकदा तरी वाईला जाऊन मेणवलीचा घाट. कोल्हापुरात हे काही नवीन नाही, जुन्या काळातले आमचे चित्रकार आबालाल रहमान कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून तिथलं पाणी आणि झाडं रंगवत राहिले, आम्ही सगळे त्याच वाटेवरचे. मोठी ऑइल्स मात्र घरी होतात, जागेवरच्या छोट्या स्केचवरून.

जागेवर का, असं विचारतात. कारण फोटोत सावली नुसती काळी येते. घाटावर सकाळी सातला बसलं की दिसतं, दगडी पायऱ्यांच्या सावलीत निळा आहे, जांभळा आहे, पाण्यावरून उडालेला उजेड खालून परत दगडावर पडलाय. ते अर्ध्या तासात बदलतं. पावसाळ्यात उलटा त्रास, हवेत इतका दमटपणा असतो की आकाशाचा एक वॉश (पातळ रंगाचा थर) वाळायला अर्धा तास घेतो, छत्री धरून बसायचं आणि वाट बघायची. पण तसे मऊ ढग मे महिन्यात मिळत नाहीत, मे मध्ये ब्रश टेकवायच्या आत कडा वाळून जाते.

किंमत कशी ठरवता? कागदावरच्या चित्राला एवढे पैसे?

मी चौरस इंचावर ठरवते, आणि हे लपवून ठेवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. सध्या वॉटरकलरला ५० रुपये चौरस इंच. म्हणजे पाव शीट ११ बाय १५ इंच, १६५ चौरस इंच, ८,२५० रुपये. अर्धी शीट १५ बाय २२ इंच, १६,५०० रुपये. पूर्ण शीट २२ बाय ३० इंचाला दर थोडा कमी, ४५ ने, म्हणजे २९,७०० रुपये. ऑइलचा दर जास्त आहे कारण कॅनव्हास, रंग आणि वेळ तिन्ही जास्त लागतात. एकाच मापाचं एक चित्र महाग नि दुसरं स्वस्त असं मी करत नाही, मला एखादं जास्त आवडलं तरी नाही. घेणाऱ्याला उगाच वाटायला नको की आपल्याला बघून आकडा सांगितला.

आता त्यात काय काय असतं ते सांगते. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, शंभर टक्के कॉटनचा. साधा लाकडाच्या लगद्याचा कागद काही वर्षांत पिवळा पडून कडक होतो, त्यावर मी सरावसुद्धा आता करत नाही कारण हाताला चुकीची सवय लागते. चांगल्या ट्यूब महाग आहेत. पण सगळ्यात मोठा खर्च तुम्हाला दिसत नाही तो, फाडलेल्या कागदांचा. जागेवर पाच चित्रं केली तर दोन, कधी तीन बाद होतात. आकाश चिखल झालं, नाहीतर घाटाच्या पायऱ्यांचं पर्स्पेक्टिव्ह चुकलं, वॉटरकलरमध्ये खोडता येत नाही. जे तुमच्याकडे येतं त्याच्या किमतीत ती दोन-तीनही असतात, आणि "हे तर तीन तासांत झालं ना ताई" असं कुणी म्हटलं की मला तेवढंच सांगायचं असतं.

थोडं कमी करा ना. हप्ते चालतील?

कमी होत नाही. ज्यांनी गेल्या महिन्यात पूर्ण पैसे दिले त्यांच्यावर तो अन्याय होतो. हप्ते मात्र आनंदाने, तीन महिने, काही जास्त न घेता. एक नवीन नोकरीला लागलेली मुलगी आईला साठीनिमित्त द्यायला रंकाळ्याचं चित्र असं तीन महिन्यांत घेऊन गेली, ते माझ्या आवडत्या विक्रींपैकी एक आहे. शेवटचा हप्ता आला की चित्र निघतं.

बिल मिळतं का? जीएसटी?

हो, पक्कं बिल. हाताने केलेल्या पेंटिंगवर आधी १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. वर सांगितलेल्या किमती जीएसटी धरूनच आहेत. नव्याने सुरू करणाऱ्यांनी राज्याबाहेर विकण्याआधी नोंदणीचं सीएला विचारून घ्या, माझं वाचून ठरवू नका, प्रत्येकाची केस वेगळी असते.

फोनवर दिसतात तेच रंग असतात का?

जवळपास तेच, तंतोतंत नाही. तुमच्या फोनचा ब्राइटनेस, नाइट मोड, स्क्रीन, ह्या सगळ्याने फरक पडतो, त्यामुळे बघताना नाइट मोड बंद करा. माझ्या बाजूने मी एवढं करते की फोटो गच्चीवर, ढगाळ दिवशी सकाळी अकराच्या आसपास काढते, उन्हात नाही आणि ट्यूबलाइटखाली तर नाहीच. चित्र उभं लावायचं, कॅमेरा बरोबर त्याच्या मध्यासमोर, आणि बाजूला राखाडी कार्ड धरायचं (हे काम सासूबाईंचं, त्या कार्ड जराही हलू देत नाहीत), मग त्या कार्डावरून पांढऱ्याचा तोल लावायचा, म्हणजे फोटोवर पिवळी-निळी झाक येत नाही. फोनची वाइड लेन्स वापरली की चित्राच्या कडा फुगतात, म्हणून लांबून थोडं झूम करून. नंतर चित्र स्क्रीनशेजारी धरून ताडून बघते आणि फोटोत जे जमलं नाही ते खाली लिहून टाकते. "झाडाचा हिरवा प्रत्यक्षात जास्त दबका आहे" असं लिहिलेलं दिसलं तर ते वाचा, मी ते विचार करून लिहिलेलं असतं. घेण्याआधी व्हिडिओ कॉलवर खिडकीच्या उजेडात दाखवते, त्यासाठी संकोच करू नका.

काही वर्षांनी रंग उडतील का?

ह्या प्रश्नाचं उत्तर मला मोठं द्यायचंय, कारण इथे माझी चूक झालेली आहे.

सुरुवातीच्या काळात मी बोगनवेल रंगवायला ऑपेरा नावाचा भडक गुलाबी वापरायचे. दिसायला फार सुंदर, दुसऱ्या कुठल्याच ट्यूबमधून तो येत नाही. एका काकूंनी तसं चित्र घेतलं आणि दिवाणखान्यात खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं. दोन वर्षांनी त्यांनी फोटो पाठवला, रागावून नाही, नुसतं विचारत की हे असंच होतं का. पानं, भिंत, सावली जशीच्या तशी, आणि फुलांच्या जागी मळकट पांढरे डाग. मला त्या रात्री झोप लागली नाही. मी त्यांना दुसरं चित्र करून पाठवलं आणि तेव्हापासून घरात टेस्ट सुरू केली.

टेस्ट साधी आहे, कुणीही करा. चांगल्या कागदाच्या पट्टीवर प्रत्येक ट्यूबचा एक पट्टा ओढायचा, अर्धी पट्टी काळ्या जाड कागदाने घट्ट झाकायची आणि दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला वर्षभर चिकटवून ठेवायची. मग झाकण काढायचं. माझ्या पट्टीवर ऑपेरा जवळजवळ गेला होता, अलिझरिन क्रिमसन निम्म्यावर आला होता, आणि अल्ट्रामरीन, कोबाल्ट, बर्न्ट सिएना, यलो ऑकर ह्यांच्यात झाकलेला भाग कुठला आणि उघडा कुठला ते मला सांगता येत नव्हतं. ट्यूबवर पिगमेंटचा, म्हणजे आतल्या रंगद्रव्याचा, कोड छापलेला असतो तोच बघून घ्यायचा, नावावर जाऊ नका. खरा अलिझरिन म्हणजे पीआर ८३, तो उडतो. त्याच्या जागी मी आता क्विनॅक्रिडोन रोझ घेते, पीव्ही १९, तो टिकतो. बोगनवेल आता जरा कमी भडक होते माझी. चालेल.

तरीही कुठलंच वॉटरकलर थेट उन्हात लावू नका. ऊन पडत नाही अशी भिंत निवडा, बस.

फ्रेम करून देता का?

कोल्हापूर शहरात हो, बाहेर नाही. काच कुरिअरमध्ये फुटते आणि फुटलेली काच चित्र कापते. तुमच्या गावातल्या फ्रेमवाल्याकडे करून घ्या, फक्त त्याला तीन गोष्टी सांगा. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) ॲसिड-फ्री हवा. चित्र काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी. आणि चित्र फेविकॉलने मागे चिकटवायचं नाही, वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या पुरतात. तिसरी गोष्ट लिहून द्या, सांगून बरेच जण विसरतात.

ऑइलला काच लागत नाही.

पावसाळ्यात बुरशी येते म्हणतात, खरं आहे का?

कोकणात, मुंबईत आणि आमच्याकडेही, खरं आहे. कागदाला दमट हवा आणि बंद जागा मिळाली की तपकिरी ठिपके येतात. पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र नको, आतली भिंत बघा. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना कॉर्कचे किंवा रबराचे छोटे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळती राहते. जूननंतर महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून मागे हात लावून बघा, ओल लागली तर कोरड्या खोलीत दोन दिवस पंख्याखाली ठेवा. कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळून तर अजिबात ठेवू नका, आतली ओल आतच राहते.

पॅकिंग कसं असतं? वाटेत खराब झालं तर?

पाव आणि अर्धी शीट सपाट जाते. चित्रावर आधी गुळगुळीत ग्लासीन कागद, मग दोन पातळ एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) फळ्यांच्या मध्ये, चारी कडांना टेप, पण टेप कुठेही चित्राला लागत नाही. त्यावर प्लास्टिक, त्यावर बबल रॅप फुगे बाहेरच्या बाजूला, मग खोका, आणि खोका चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठा हवा, कोपऱ्यावर आपटला तरी आतल्या कोपऱ्यापर्यंत धक्का पोचत नाही. पूर्ण शीट गुंडाळून चार इंची पीव्हीसी पाइपमधून पाठवते, प्लंबिंगच्या दुकानात पाइप आणि दोन्ही टोकांची झाकणं मिळतात. पुठ्ठ्याच्या नळीवर एकदा कुणीतरी जड पार्सल ठेवलं होतं, नळी चपटी होऊन आली आणि चित्राला मधोमध सुरकुती, तेव्हापासून पुठ्ठा बंद. एक पॅकिंग करायला मला पाऊण तास लागतो.

खोका उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. चित्राला इजा झालेली दिसली तर पूर्ण पैसे परत, आणि त्याच्यासाठी तुम्ही माझ्याशी वाद घालायची गरज नाही, कुरिअरवाल्यांशी काय बोलायचं ते मी बघते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि कितीतरी दिवस काहीच बाहेर पडलं नाही. घरात अकरा पॅक केलेली चित्रं होती. तेव्हा सगळ्यांनी सांभाळून घेतलं, "आधी तुम्ही ठीक आहात ना" असंच विचारलं. जुलै-ऑगस्टमध्ये म्हणून मी तारीख पक्की सांगत नाही.

आणि नुसतं आवडलं नाही तर?

सात दिवसांत परत पाठवा, कारण विचारणार नाही. परत पाठवण्याचा कुरिअर खर्च तुमचा. एवढ्या वर्षांत चार चित्रं परत आलीत, चारही नंतर दुसऱ्या घरी गेली.

सोफ्याला मॅच होईल असं करून द्याल?

नाही. माझ्याकडे जे आहे त्यातलं तुमच्या खोलीत शोभेल ते निवडायला मात्र मदत करते, भिंतीचा फोटो पाठवा.

आमच्या गावच्या वाड्याचं चित्र फोटोवरून करता येईल का? पोर्ट्रेट?

पोर्ट्रेट करत नाही, ते माझं काम नाही, वाईट करण्यापेक्षा न केलेलं बरं. वाडा करते, पण मला तिथे जाता येत असेल तर आधी जाऊन येते. वाडा पडलेला असेल तर दोन-तीन वेगवेगळे फोटो आणि घरातल्या कुणाशी तरी तासभर फोन. नाशिकच्या एका आजोबांनी मला फोनवर फक्त दरवाजाबद्दल सांगितलं होतं, कडी कुठे हाताला लागायची, उंबरा मधोमध कसा झिजला होता. फोटोत उंबरा दिसतच नव्हता. मी तो त्यांच्या सांगण्यावरून काढला, आणि चित्र पोचल्यावर त्यांनी फोन करून बराच वेळ काहीच बोलले नाहीत. निम्मे पैसे आधी, दीड ते दोन महिने.

विकत घेतलं म्हणजे मी त्याचे प्रिंट, कॅलेंडर काढू शकतो ना?

नाही. चित्र तुमचं, कॉपीराइट माझा. भिंतीवर लावा, भेट द्या, पुढे विका, सगळं चालेल, पण छापायचं असेल तर लेखी विचारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. त्याच कायद्यात अशीही सोय आहे की ओरिजनल चित्र पुढे १० हजारांपेक्षा जास्त किमतीला विकलं गेलं तर चित्रकार त्यात वाटा मागू शकतो, जास्तीत जास्त १० टक्के.

चित्रकारांनो, ऑर्डरच्या चित्राचं वेगळं आहे, हे फार जणांना माहीत नसतं. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून चित्र करवून घेतलं आणि तुमच्यात वेगळा काही करार नसेल, तर कॉपीराइट पहिल्यापासून त्या ग्राहकाचा होतो. म्हणून ॲडव्हान्स घेण्याआधी एक ओळ लिहून घ्या की कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. ईमेलवर "मान्य" असं उत्तर आल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

अमेरिकेत, दुबईत पाठवता का?

पाठवते, फक्त पाइपमधून. तिकडची कस्टम ड्युटी घेणाऱ्याला भरावी लागते, नियम बदलत असतात, आधी तुमच्याकडे चौकशी करा. आपल्याकडून काही अडचण नाही, १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आजच्या चित्रकाराच्या नव्या कामाला लागू नाही. गणपतीला आणि दिवाळीला बाहेरच्या मराठी घरांतून पन्हाळ्याची आणि घाटाची चित्रं खूप मागतात, त्यासाठी ऑगस्टच्या आत सांगा.

यावर घर चालतं का? खरं सांगा.

माझं चालतं, पण दर महिन्याला सारखं नाही. दसरा-दिवाळीला आणि नव्या घरांच्या मुहूर्तांच्या दिवसांत महिन्याला सात-आठ चित्रं जातात, पितृपक्षात एकही नाही, मे महिन्यात लोक फिरायला गेलेले असतात. म्हणून दिवाळीचे पैसे मी मार्चपर्यंत पुरवते, वर्षाचा कागद एकदम घेते. पहिली तीन वर्षं मी सकाळी शाळेत चित्रकला शिकवत होते आणि ती नोकरी मी घाईने सोडली नाही, तुम्हीही सोडू नका.

आणि दिवसभर चित्रंच काढता ना, असं वाटतं लोकांना. सकाळी साडेसहा ते दहा रंगकाम, ते कुणालाही मोडू देत नाही, फोन दुसऱ्या खोलीत. पुढचा दिवस फोटो, मापं, वर्णन, मेसेज, बिल, पॅकिंग आणि कुरिअरच्या ऑफिसची फेरी. अर्धं काम हेच आहे. ज्याला हे अर्धं नको असेल त्याने गॅलरीतून विकावं, तिथे कमिशन जातं पण हे सगळं ते बघतात. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, तोपर्यंत ऑनलाइन सुरू ठेवायला काय हरकत आहे.

सुरू केलं तर फसवणूक होते का?

होते, प्रत्येकाला असे मेसेज येतातच. तीन प्रकार तर पाठ करून ठेवा. परदेशातून कुणीतरी लिहितं की बायकोला सरप्राइज द्यायचंय, किंमत न विचारता दोन-तीन चित्रं घेतो, चेक चुकून जास्त रकमेचा पाठवला म्हणतो आणि वरचे पैसे ट्रान्सपोर्टवाल्याला द्यायला सांगतो. चेक नंतर खोटा निघतो. दुसरा स्वतःला लष्करातला म्हणवतो आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड पाठवतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन मागितला की पैसे तुमचेच जाणार. तिसरा तुमचं चित्र एनएफटी (इंटरनेटवरची डिजिटल मालकी) म्हणून लाखांना घेतो आणि आधी तुमच्याकडूनच फी भरून घेतो. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, जितकं लवकर तितकं बरं. आणि पैसे बँकेत दिसल्याशिवाय पार्सल घराबाहेर काढायचं नाही, मेसेजचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हे.

माझ्या मुलीने एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलीय, तिला ए ग्रेड आहे. पुढे ह्यात घालू का?

तिला रोज एक स्केच काढायला सांगा, वर्षभर, परीक्षेसाठी नाही, बसस्टँडवर, बाजारात. वर्षाने ती स्वतः होऊन काढत असेल तर घाला. ग्रेडवरून मला काही सांगता येणार नाही.

एआयने आता कसलीही चित्रं होतात, तुम्हाला भीती वाटत नाही?

माझ्याकडे येणाऱ्यांना पंचगंगेवर त्या सकाळी बसलेल्या माणसाने केलेला कागद हवा असतो. विक्री कमी झालेली नाही. माझ्या चित्रांचे फोटो न विचारता वापरले जातात त्याचा मात्र मला त्रास होतो आणि त्याविरुद्ध मी बोलत राहणार.

चित्र घरी आलं की पहिलं काय करायचं?

हात धुवून कोरडे करा, घामट बोटांचा डाग कागदावरून निघत नाही. खोका जमिनीवर आडवा ठेवून उघडा, कटर खोल घालू नका, एमडीएफच्या कडेची टेप बोटाने सोडवा. पाइपमधून आलं असेल तर बाहेर काढून स्वच्छ चादरीवर पालथं पसरा, कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवा, एका रात्रीत सरळ होतं. इस्त्री करू नका, खरंच सांगतेय, एकांनी केली होती. ऑइल असेल तर तीन आठवडे तरी काच असलेल्या बंद कपाटात ठेवू नका, वरून कोरडं वाटलं तरी आत वाळत असतं, आणि त्याला व्हार्निश सहा महिने ते वर्षभरानंतरच, ते मी फुकट करून देते, कोल्हापूरला येणं झालं तर घेऊन या. खोका आणि एमडीएफ फेकू नका, घर बदलताना लागतील.